जुन्या आयपॉडची नवी बॅटरी : सांगलीतील एका दुरुस्ती सेवेविषयी

सांगलीत गणपती पेठेच्या आसपास मोबाईल दुरुस्तीची जी लहान लहान दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानात मी माझ्या आयपॉड क्लासिकची, म्हणजे अ‍ॅपलच्या गाणी साठवून ऐकायच्या जुन्या यंत्राची, बॅटरी बदलून घेतली. काम चोख झाले. या यंत्राच्या कामाला हात लावायला बहुतेक कारागीर तयार नसतात, म्हणून ते कसे झाले हे सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मात्र कारागिराच्या विनंतीवरून देत नाही. दर वेळी योग्य बॅटरी मिळेलच याची खात्री नसताना लोकांनी लांबून येऊन हेलपाटा घालावा, हे त्यांना पटत नाही.

माझे यंत्र 2009 साली बाजारात आलेले 160 जीबीचे पातळ मॉडेल आहे. क्लासिकची विक्री अ‍ॅपलने सप्टेंबर 2014 मध्ये थांबवली. मिरजेच्या संगीतसभांमध्ये आणि घरगुती बैठकांमध्ये टेपवर घेतलेली, नंतर संगणकावर उतरवलेली माझी बहुतेक ध्वनिमुद्रणे यातच आहेत. तास-दीड तासाचा ख्याल मध्येच कोणाचा फोन न येता सलग ऐकता यावा, एवढीच माझी अपेक्षा असते आणि त्यासाठी मला याहून सोयीचे साधन अजून सापडलेले नाही.

नवे असताना हे यंत्र एका चार्जिंगवर 36 तास वाजेल, असे कंपनी सांगत असे. आयपॉडची बॅटरी 400 पूर्ण चार्जिंगनंतरही मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत टिकावी अशी रचना असते, हेही कंपनीचेच म्हणणे. माझे यंत्र शेवटी शेवटी ख्यालाचा विलंबित, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग संपायच्या आत मान टाकू लागले होते, आणि तेही एका ठरावीक क्षणी. क्लासिकमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. यंत्र पुढचे गाणे डिस्कवरून एकदम वाचून मेमरीत साठवते आणि डिस्क थांबवते. साठा संपत आला की डिस्क पुन्हा फिरवावी लागते आणि त्या क्षणी एकदम जास्त वीज लागते. थकलेली बॅटरी नेमकी तिथेच कोलमडते.

कारागिराची पारख मला पटली ती यंत्र उघडण्याच्या आधीच. त्यांनी ते चार्जरला जोडून बराच वेळ वाजवले आणि कानाशी धरून डिस्कचा आवाज ऐकला. मग मेनू आणि मधले बटण दाबून यंत्र रीसेट केले, लगेच मधले आणि मागे जाण्याचे बटण धरून तपासणीचा पडदा उघडला आणि त्यातली डिस्कच्या प्रकृतीची नोंद मला दाखवली. खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे बारीक कप्पे) किती आणि बदलण्याच्या वाटेवर असलेले किती, हे तिथे आकड्यांत दिसते. "डिस्क गेलेली असंल तर बॅटरीला पैसे घालून उपयोग नाही काका, आधी हे बघायचं," असे ते म्हणाले. गिऱ्हाईक समोर उभे असताना आपले काम हातचे जाईल अशी तपासणी आधी करणारा दुकानदार विरळा.

खरी कसोटी कवच उघडण्यात आहे. आधीच्या आयपॉडना पुढून प्लास्टिक असे, क्लासिकला पुढे अ‍ॅल्युमिनियम आणि मागे स्टील. दोन्ही धातू आतल्या बारीक क्लिपांनी एकमेकांना घट्ट धरून बसलेले, बाहेर एकही स्क्रू नाही. कारागिराने पोलादाची पातळ पाती फटीत घातली, ती सरकवत सरकवत एकेक क्लिप सोडवली आणि सुटलेली फट पुन्हा मिटू नये म्हणून मागोमाग प्लास्टिकच्या चकत्या अडकवत गेले. "कड जरा दबणार बघा. चालत असंल तरच हात घालतो," हे त्यांनी सुरुवातीलाच विचारून घेतले होते.

कवच सुटले तरी दोन्ही भाग झटकन वेगळे करायचे नसतात. बॅटरी मागच्या पत्र्याला चिकटवलेली असते आणि तिची चपटी पट्टी मुख्य सर्किटला जोडलेली असते. हेडफोनची आणि होल्ड बटणाची मिळून आणखी एक पट्टी असते. बॅटरीच्या जोडणीवरचा तपकिरी खटका नखाएवढाही नाही. तो उचलून त्यांनी पट्टी आधी मोकळी केली आणि मगच पुस्तक उघडावे तसे यंत्र बाजूला उलगडले. इथे घाई केली तर हेडफोनची पट्टी फाटते आणि चांगल्या बॅटरीचे मुके यंत्र हाती येते. जुनी बॅटरी थोडी फुगली होती. ती त्यांनी टोकदार हत्याराने न उचकटता गोंद मऊ करून बोथट पट्टीने सोडवली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण लिथियमच्या बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते.

बॅटरी आणि मजुरी मिळून 1200 रुपये झाले. गाणी जशीच्या तशी राहिली. ती डिस्कवर असल्यामुळे बॅटरी काढली तरी पुसली जात नाहीत. आता मी रेल्वेने मुंबईला जाऊन परत येतो, तरी वाटेत चार्जर लागत नाही. मूळचे 36 तास या बाहेरच्या कंपनीच्या बॅटरीकडून मी अपेक्षित धरलेले नाहीत. तेवढ्याच आकारात दुप्पट क्षमता लिहिलेल्या बॅटऱ्याही विकल्या जातात. त्या लेबलवर विश्वास ठेवू नये, हा कारागिराचा सल्ला मला योग्य वाटतो.

उणिवा दोन आहेत. खालच्या कडेला चार्जिंगच्या खाचेजवळ पत्रा किंचित दबलेला आहे आणि बोट फिरवले की तो जाणवतो. याची कल्पना आधी मिळाली होती, त्यामुळे तक्रार नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बॅटरीची तीन महिन्यांची हमी त्यांनी तोंडी दिली, पावतीवर लिहिली नाही. इतक्या नेटक्या कामाला लेखी हमीची जोड असायलाच हवी आणि ती गिऱ्हाइकाने मागून घ्यावी. जुनी बॅटरी मात्र त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवली. बॅटरी कचऱ्याविषयीच्या 2022 च्या नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.

ज्यांना हे काम करून घ्यायचे असेल त्यांनी जाण्यापूर्वी गाणी संगणकावर उतरवून घ्यावीत. विंडोजमध्ये लपवलेले फोल्डर दिसतील अशी सोय केली की यंत्रातले म्युझिक फोल्डर सापडते. त्यात फाइलींची नावे चार अक्षरांची आणि निरर्थक असतात, पण गायकाचे आणि रागाचे नाव आपण भरलेले असेल तर ते फाइलीच्या आत टिकून असते. तपासणीत डिस्कचे आकडे वाईट निघाले तर आधी डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवण्याचा विचार करावा. फिरणारी डिस्क काढून टाकली की नवी बॅटरीही अधिक काळ पुरते.