टॉफी मशीन: चालू लाइन घ्यावी की नवी लावावी?

चालू लाइन, म्हणजे दुकानांपुढे आधीच लावलेल्या, नाणं टाकलं की टॉफी देणाऱ्या मशीनचा संच, विकत घेतली तर पहिल्या दिवसापासून गल्ला हातात येतो, पण तो विकणाऱ्याच्या वहीवरून ठरवू नका. दोन फेऱ्या त्याच्यासोबत फिरा, डबे समोर रिकामे करून नाणी तोला. दहाची नाणी किलोला साधारण 130 भरतात, म्हणजे 1,300 रुपये. त्यातून माल, प्रवास आणि जागेवाल्याचा वाटा वजा करा. दादर-अंधेरीतल्या दुकानदाराशी करार तोंडीच असेल, तर तुम्ही विकत घेताय ते निव्वळ लोखंड. तो उद्या मशीन बाहेर काढू शकतो. आधी त्याची लेखी संमती घ्या.

नाण्याची यंत्रणा उघडून बघाच. पाचाचं जुनं नाणं 23 मिमी, 2019च्या मालिकेतलं 25, त्यामुळे पाचावर चालणारी मशीन निम्म्या गिऱ्हाइकांना परत पाठवते. दहाचं 27 मिमी, जुनं-नवं दोन्ही चालतं. मात्र विसाचं बारा कोनी नाणंही 27चंच. पोरं ते घालतात आणि खाचेत अडकतं.

नवी लाइन स्वस्तात सुरू होते, पण चांगली जागा मिळेपर्यंत पायपीट आहे. फायदा एवढाच, की जागा आणि यंत्रणा तुमच्या पसंतीची.

पावसाळा दोघांनाही सारखाच छळतो: साखरेचं कवच दमटपणाने चिकटतं, टॉफी खाली सोडणारं चाक फिरत नाही. जून ते सप्टेंबर डबा अर्धाच भरा, शेंगदाणे तर टाकूच नका, खवट होतात. एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी दोन्हीकडे स्वतःच्या नावाची काढा.