तीनचाकी बाबागाडी घ्यायची? आधी गेटबाहेरचा रस्ता बघा

लेक पाच महिन्यांची झाली आणि घरात बाबागाडीचा विषय निघाला. आई म्हणाली, "कडेवरच वाढतात गं मुलं." बाबा म्हणाले, "मला सकाळी तिला बागेत न्यायचंय आणि माझ्या गुडघ्यांना आता तिचं ओझं झेपत नाही." बाबांचं ऐकलं. पुढचे आठ-नऊ महिने आमच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. एक विकत घेतलेली, चार छोट्या चाकांची, पटकन घडी होणारी. दुसरी सोसायटीतल्या एका कुटुंबाने वापरायला दिलेली, तीन मोठ्या हवेच्या चाकांची. पुण्यात कर्वेनगरच्या त्याच गल्ल्यांतून दोन्ही ढकलल्या. त्यामुळे हे लिहिते आहे ते दुकानातल्या गुळगुळीत फरशीवरचं मत नाही.

तीन चाकं कशासाठी?

तीन दगडांची चूल कुठेही मांडा, डुगडुगत नाही. चार पायांच्या स्टुलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. तीनचाकी गाडीचं मर्म हेच आहे. रस्ता कितीही वेडावाकडा असला तरी तिन्ही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. चारचाकीचं एखादं चाक उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर अधांतरी राहतं आणि गाडी तिरकी ओढायला लागते.

दोन्ही गाड्यांचा जन्म वेगवेगळ्या गरजेतून झाला, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६५ मध्ये काढली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची त्याची गाडी तीन किलोहूनही कमी भरायची आणि एका हाताने उचलता यायची. मोठ्या चाकांची तीनचाकी अमेरिकेतली. फिल बेक्लर यांना बाळाला बरोबर घेऊन पळायचं होतं, म्हणून त्यांनी बाबागाडीला सायकलची चाकं बसवली आणि १९८४ मध्ये 'बेबी जॉगर' कंपनी सुरू झाली. म्हणजे एक गाडी उचलून नेण्यासाठी जन्मली आणि दुसरी न उचलता लांब ढकलत नेण्यासाठी. तुमचा दिवस यातल्या कुठल्या कामात जास्त जातो, हे आधी ठरवा.

'तीनचाकी' नावाखाली काय काय मिळतं

खरी जॉगर, म्हणजे बाळाला घेऊन पळण्यासाठीची गाडी. तिला मागे १६ इंची, पुढे १२ इंची हवेची चाकं, वजन अकरा-बारा किलो, रुंदी ६५ ते ७० सेंटिमीटर. थुले, माउंटन बग्गी या कंपन्यांच्या गाड्या याच घराण्यातल्या. नवी घ्यायला गेलात तर पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते.

मधला प्रकार शहरी तीनचाकी. आठ-नऊ इंची, हवा भरावी न लागणारी रबरी किंवा फोमची चाकं, वजन नऊ-दहा किलो. दिसायला जॉगरच्या धाकट्या बहिणीसारखी, पण ही पळण्यासाठी नसते, चालण्यासाठी असते.

तिसरा प्रकार फक्त नावाने तीनचाकी. पुढे मध्यभागी प्लॅस्टिकची दोन छोटी चाकं चिकटून, मागे तसलीच दोन. याला मोठ्या चाकाचा एकही फायदा मिळत नाही आणि पुढचा आधार अरुंद होतो तो वेगळाच. माझं स्पष्ट मत, ही घेऊ नका. त्याच पैशात साधी चारचाकी जास्त भरवशाची.

मागून ढकलायचा दांडा असलेली ट्रायसायकलही बाबागाडीच्या शेजारीच मांडलेली असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ती मजेची आहे. पण तिच्यात मूल झोपू शकत नाही आणि बागेतून परतताना मूल झोपणारच असतं.

रस्त्यावर

इथे मोठी तीनचाकी निर्विवाद सरस आहे. चाक जितकं मोठं, तितका खड्डा त्याला लहान. चारचाकीचं बोटभर चाक ड्रेनेजच्या झाकणाच्या फटीत अडकलं की गाडी जागच्या जागी थांबते आणि ढकलणारा पुढे झुकतो. बाबांचं एकदा असंच झालं. लेक पट्ट्यात होती म्हणून निभावलं. त्याच झाकणावरून मोठी गाडी नुसती 'टुक' करून गेली. स्पीडब्रेकर, खडी, तळजाई टेकडीवरच्या मातीच्या वाटा, सगळीकडे हाच अनुभव. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर मात्र दोन्ही गाड्या सारख्याच सुखाने चालतात. तुमचं जाणं-येणं असल्याच रस्त्यांवर असेल तर मोठ्या चाकांचे पैसे वाचवा.

पदपथावर चढवताना तीनचाकी सोपी. दांडा जरा खाली दाबायचा, पुढचं एकच चाक वर येतं. एका हातात भाजीची पिशवी असताना एका हाताने वळवता येते, हेही खरं.

पण तिचे दोन दोष मी रोज अनुभवले. पहिला म्हणजे कडेला कलणं. पुढचा आधार एकाच ठिकाणी असल्याने पदपथावरून तिरकी उतरवली तर गाडी त्या बाजूला झुकते. नेहमी सरळ उतरवायची, शक्यतो पाठमोरं होऊन, मागची चाकं आधी. दुसरा दोष आपल्याकडच्या रस्त्यांचा म्हणावा लागेल. पाइपलाइनसाठी चर खोदलेला असतो आणि त्यावर दुकानदाराने दोन फळ्या टाकलेल्या असतात. चारचाकी त्या दोन फळ्यांवरून अलगद जाते. तीनचाकीच्या मधल्या चाकाखाली काहीच नसतं. दर वेळी लेकीला काढून, गाडी उचलून पलीकडे ठेवायची. पावसाळ्याच्या तोंडावर तर आमच्या गल्लीत असे तीन चर होते.

पदपथाच्या टोकाला दुचाकी चढू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात. त्यांच्यातलं अंतर मोजून घ्या. दोन ठिकाणी आमची मोठी गाडी त्यातून गेलीच नाही आणि रस्त्यावर उतरावं लागलं.

घर, लिफ्ट, रिक्षा

रस्त्यावर जिंकलेली गाडी इथे हरते. आमच्या जुन्या इमारतीच्या लिफ्टचं जाळीचं दार पूर्ण सरकवलं तर ७० सेंटिमीटर जागा मिळते. गाडीची मागची रुंदी ६८. कागदावर मावते. प्रत्यक्षात बाबांना लिफ्टकडे पाठ करून, एका पायाने दार धरून, गाडी इंच-इंच ओढावी लागायची आणि ब्रेकचा खटका जाळीत अडकायचा. उजव्या हाताच्या बोटांची सालं निघाली तेव्हा ते म्हणाले, "मी चारचाकीच नेतो." अडुसष्टाव्या वर्षी रोज सकाळी ही झटापट कोणी करू नये. सोसायटीत लिफ्ट नसेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर बारा किलोच्या गाडीचा विचारही करू नका. ती खाली जिन्याशी ठेवायला जागा असेल तरच.

रिक्षाने फिरणाऱ्यांसाठी उत्तर सरळ आहे. हलकी चारचाकी मिटवून पायाशी किंवा सीटमागे बसते. मोठ्या तीनचाकीची चाकं काढूनही रिक्षात दोघांना नीट बसता येत नाही. स्वतःची छोटी कार असेल तरी डिकी मोजा. आमच्या कारला सीएनजी किट आहे. टाकीने डिकीतली निम्म्याहून जास्त जागा खाल्लेली. मोठी तीनचाकी मागच्या सीटवर आडवी टाकावी लागायची आणि मग आई कुठे बसणार? शहरी तीनचाकी मात्र उभी करून, कशीबशी का होईना, मावते. मेट्रोचा प्रश्न येत नाही. नळ स्टॉप स्थानकाला लिफ्ट आहे आणि मोठी गाडीही आत जाते, गर्दीची वेळ टाळली की झालं.

विमानप्रवास वारंवार असेल तर छोट्या घडीच्या गाड्या बघा. आधी बेबीझेनची आणि आता स्टोके कंपनीची असलेली योयो घडी केल्यावर ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर होते. तीनचाकी जॉगर विमानात हातात नेता येत नाही, ती सामानातच द्यावी लागते.

बाळाचं वय

तान्ह्या बाळाला सपाट झोपवता आलं पाहिजे. बऱ्याच तीनचाकी गाड्यांची सीट पूर्ण आडवी होत नाही. तिथे वेगळा पाळणा लावावा लागतो आणि त्याचे पैसे निराळे. नसेल तर बाळ मान सावरून बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, थांबा. गाडीबरोबर पळायचं असेल तर कंपन्यांच्या माहितीपत्रकात सहा महिन्यांच्या आधी नको असं असतं, काही आठ महिने सांगतात. पळताना पुढचं चाक सरळ ठेवून लॉक करायचं. मोकळं ठेवलं तर वेगात ते लडबडतं आणि दगड लागला की गाडी आडवी फिरते. दांड्याचा पट्टा मनगटात हवाच. उतारावर त्याची किंमत कळते.

वजनाची मर्यादाही बघा. बऱ्याच हलक्या गाड्या १५ किलोपर्यंत, मोठ्या तीनचाकी २२ किलोपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १४.३ किलो आणि मुलीचं १३.९ किलो आहे. म्हणजे हलकी गाडी तिसऱ्या वाढदिवसापर्यंत साथ देईल, पुढे नाही. तोवर बहुतेक मुलं चालायलाच मागतात, म्हणून मी या फरकाला फार महत्त्व देत नाही.

एक गोष्ट दोन्ही गाड्यांना लागू आहे आणि ती मला कळकळीने सांगायची आहे. उन्हात गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून ती बंद करू नका. आतली हवा कोंडते आणि बाळ तापतं. छत्र पुढे ओढा, सावलीच्या बाजूने चाला, बाळाच्या मानेला हात लावून बघत राहा.

दुसरं, दांड्याला पिशव्या अडकवू नका. मंडईबाहेर मी लेकीला उचललं आणि चार किलो भाजीसकट हलकी गाडी मागे उताणी पडली. ती आत असती तर? त्या दिवसापासून सामान सीटखालच्या टोपलीत किंवा माझ्या खांद्यावर.

हवा की फोम

हवेच्या चाकांत बाळाला धक्के खरोखर कमी लागतात. लेक मोठ्या गाडीत दहा मिनिटांत झोपायची, छोटीत तिची मान हिंदकळत राहायची. पण टेकडीवर बाभळीचा काटा आहे. दोनदा पंक्चर झालं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने मागच्या चाकाला मुलांच्या १६ इंची सायकलची ट्यूब बसवून दिली, त्यामुळे अडलं नाही. घेण्याआधी टायरच्या कडेवरचं माप वाचा आणि तसली ट्यूब जवळ मिळते का, विचारून ठेवा. पेट्रोल पंपावर हवा भरायची तर टायरवर लिहिलेला आकडा सांगूनच भरा. रोज टेकडीवर जाणार नसाल तर फोमची चाकं घ्या, डोक्याला ताप नाही.

आम्ही काय केलं

मोठी गाडी साभार परत दिली. हलकी चारचाकी गावाला जाण्यापुरती ठेवली. बाबांसाठी शहरी तीनचाकी, फोमच्या चाकांची, ६५ सेंटिमीटर रुंदीची, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून वापरलेली घेतली. लिफ्टमध्ये सरळ जाते. रोज सकाळी साडेसातला दोघं निघतात.

वापरलेली घेणार असाल तर पुढचं चाक आधी तपासा. ते झटकन निघण्यासाठी खटका असतो आणि तो नीट बसला नाही तर चाक चालताना निखळू शकतं. याच तक्रारींवरून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये एका मोठ्या कंपनीवर कारवाई सुरू केली होती. चाक लावा, गाडी उचला, चाक जोरात खाली ओढून बघा. पाचही पट्टे लावून काढून बघा. मग सीटमध्ये पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या ठेवून, ब्रेक लावून, पार्किंगच्या उतारावर गाडी उभी करा आणि दोन मिनिटं बघत थांबा. गाडी रोज जो ढकलणार आहे, त्यालाही बरोबर न्या.