संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन: डोळ्यांखालच्या सुजेवर चालतं, तपकिरी डागांवर नाही

बाटलीवर ‘सिट्रस आय सीरम’ वाचलं की आत व्हिटॅमिन सी असेल असं वाटतं. बरेचदा ते नसतंच. घटकांच्या यादीत ‘हेस्पेरिडिन मिथाइल चाल्कोन’ असेल, तर तो संत्र्याच्या सालीतल्या हेस्पेरिडिनपासून बनवलेला फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचा एक गट) आहे. मूळ हेस्पेरिडिन पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून हे रूप वापरतात. सेडर्मा या फ्रेंच कंपनीच्या ‘आयलिस’ मिश्रणात ते डायपेप्टाइड-2 आणि पामिटॉइल टेट्रापेप्टाइड-7 या दोन पेप्टाइडांच्या (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांच्या) जोडीला असतं. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपणं कमी करावं, हा त्याचा हेतू.

बाटलीवरच्या ‘3 टक्के’ या आकड्याला भुलू नका. हे प्रमाण अख्ख्या मिश्रणाचं असतं आणि त्यात मुख्यतः पाणी आणि ग्लिसरीन. शुद्ध हेस्पेरिडिन त्याहून खूपच कमी. शिवाय परिणामाचे बहुतेक दाखले उत्पादकांच्याच छोट्या चाचण्यांतले आहेत.

विकत घेण्याआधी आरशासमोर उजेडात उभं राहून डोळ्याखालची त्वचा हलकेच ताणून बघा. निळसर-जांभळा रंग आणखी गडद दिसला, तर पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. इथे थोडी आशा आहे. तपकिरी डाग तसाच राहिला, तर ते रंगद्रव्य. आपल्याकडे हा प्रकार भरपूर दिसतो आणि त्यावर हेस्पेरिडिनपेक्षा रोजचं सनस्क्रीन जास्त कामाचं. चेहरा वर करून उजेडाकडे धरला की काळेपणा नाहीसा होत असेल, तर ती खळग्याची सावली आहे. तिला कुठलंही क्रीम पुरत नाही, आणि वयानुसार पुढे आलेल्या चरबीच्या पिशव्यांनाही नाही. सकाळी येऊन दुपारपर्यंत ओसरणारी सूज मात्र या घटकाचं खरं क्षेत्र.

दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं सीरम पुरतं. धुतलेल्या चेहऱ्यावर, अनामिकेने, डोळ्याखालच्या हाडावर टिपत लावा. पापणीच्या केसांपासून अर्धा सेंटिमीटर तरी लांब. काठाशी लावलं की ते डोळ्यात उतरतं, चुरचुरतं आणि सूज उलट वाढते. जास्त थापलं तर वरच्या सनस्क्रीनच्या वळ्या निघतात. एक-दोन मिनिटं मुरू द्या, मग मॉइश्चरायझर. फ्रिजमधून काढून लावल्यावर लगेच बरं वाटतं, पण त्याचं श्रेय गारव्याला. घटकाचा हिशोब आठ आठवड्यांनी करा.

यादीत लिमोनीन किंवा सिट्रल असेल तर ती बाटली सोडा. हा सुगंध डोळ्यांभोवती त्रास देतो. लिंबाचा रस तर चुकूनही नको: तो फार आम्लधर्मी असतो, आणि उन्हात त्यातल्या फ्युरोकुमारिन या रसायनामुळे त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. नवं सीरमही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा.

सूज दिवसभर टिकत असेल, एकाच डोळ्याला असेल किंवा सोबत पायही सुजत असतील, तर सीरमवर पैसे घालू नका, डॉक्टरांकडे जा.