टाटा मेमोरिअलचं प्रशिक्षण आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड: जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या पदरात काय पडतं

परळचं टाटा मेमोरिअल बहुतेकांना उपचारांसाठी माहीत आहे. जिल्ह्याच्या गावी कॅन्सरचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि परिचारिकांना मात्र त्याचं प्रशिक्षणाचं काम आणि २०१२ साली सुरू झालेली नॅशनल कॅन्सर ग्रिड जास्त उपयोगी पडते. देशभरातली ३०० हून अधिक रुग्णालयं आणि संस्था या ग्रिडशी जोडलेल्या आहेत.

सगळ्यात आधी हात लावावा तो ग्रिडच्या उपचार-मार्गदर्शिकांना. त्यांत आवश्यक, इष्टतम आणि ऐच्छिक असे तीन स्तर आहेत. पेट स्कॅन नाही, रेडिएशनचं यंत्र शेजारच्या जिल्ह्यात, अशा ठिकाणी निदान काय व्हायलाच हवं ते पहिल्या स्तरात मिळतं. परदेशी मार्गदर्शिका सगळं उपलब्ध आहे असं धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडच्या खर्चाचा विचार करून लिहिलेला हा मजकूर त्यामुळे खरोखर वापरता येतो.

दुसरी मोलाची सोय म्हणजे ऑनलाइन ट्यूमर बोर्ड. अवघड केस तज्ज्ञांसमोर मांडायची, चर्चा ऐकायची, निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरचाच. केस नीट मांडली तरच उत्तर कामाचं मिळतं. रुग्णाचं नाव काढून वय, इतर आजार, हिंडण्या-फिरण्याची क्षमता, टीएनएम स्टेज (गाठ केवढी आणि कॅन्सर कुठवर पसरला ते), बायोप्सीचा पूर्ण अहवाल आणि नेमका एक प्रश्न द्यावा. ‘पुढे काय करू?’ असं विचारलं की चर्चा भरकटते. ‘आधी शस्त्रक्रिया की आधी केमो?’ असं विचारलं की ती जागेवर राहते. सीटी स्कॅन डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलमध्येच पाठवावा. फिल्म खिडकीला धरून काढलेल्या मोबाइल फोटोवरून लिम्फ नोडबद्दल कोणीच जबाबदारीने बोलू शकत नाही.

पण कितीही मोठा तज्ज्ञ समोर बसला तरी बिघडलेला नमुना दुरुस्त होत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-२ (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या चाचण्यांवर बराचसा उपचार ठरतो. त्यासाठी ऊतक काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक सडू न देणाऱ्या द्रावणात) जायला हवं आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवं. ऑपरेशन शनिवारी दुपारी झालं, गाठ न कापता अख्खी छोट्या बरणीत कोंबली आणि सोमवारी प्रयोगशाळेत पोहोचली, तर आतला भाग फिक्स न होता सडतो. मग ईआर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं आणि बाईची हार्मोन रोखणारी गोळी हुकते. बाह्य गुणवत्ता तपासणीसाठी ग्रिडची पॅथॉलॉजी योजना आहे. प्रयोगशाळेने तिच्यात भाग घ्यावाच. मात्र ती तपासणी प्रयोगशाळेची होते. ऑपरेशन थिएटर ते प्रयोगशाळा हा रस्ता आपणच सांभाळायचा.

तपासणी शिबिरांच्या प्रशिक्षणाला भक्कम पुराव्याचा आधार आहे. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांच्या अभ्यासात एका गटाची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए (गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची) तपासणी केली. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कृती साधी दिसते, पण चुका ठरलेल्या आहेत. ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड रोज ताजं बनवायचं: ५ टक्क्यांसाठी ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली ग्लेशियल ॲसिड. पातळ न करता लावलं तर भाजतं, म्हणून बाटलीवर प्रमाण आणि तारीख लिहिलेलीच हवी. लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. घाई केली की पांढरा डाग उमटण्याआधीच निगेटिव्ह लिहिलं जातं. दिवा पांढऱ्या प्रकाशाचा, प्रखर हवा. पाळी गेलेल्या बायकांमध्ये पेशी बदलतात ती रेषा आत सरकते, तिथे व्हीआयएवर भिस्त ठेवू नये.

महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टर-परिचारिकांना टाटामध्ये शिकवून डे-केअर केमोथेरपी सुरू करण्याचा प्रयोगही झाला आहे. कल्पना उत्तम आहे, कारण दर तीन आठवड्यांची मुंबईवारी टळते. अशा योजनांचा कच्चा दुवा म्हणजे बदली. शिकलेली एकच परिचारिका दुसऱ्या विभागात गेली की केंद्र बंद पडतं. म्हणून कमीत कमी दोघींना पाठवावं. परतल्यावर पहिल्याच दिवशी औषध शिरेबाहेर गेल्यास काय करायचं त्याचा तक्ता भिंतीवर लावावा: डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, व्हिन्क्रिस्टिनला गरम. उलटं झालं तर इजा वाढते.

‘केवट’ हा रुग्णांना वाट दाखवणाऱ्या कार्यकर्त्यांचा अभ्यासक्रम टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर सुरू झाला. पदवीधर त्यात तयार होतात, पण जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी पद मंजूर नसेल तर शिकून उपयोग मर्यादित. याकडे सरकारने लक्ष द्यायलाच हवं.

पैशांच्या बाजूने ग्रिडची एकत्रित औषधखरेदी सर्वांत ठळक ठरते. ४० औषधांच्या एका फेरीत ८० टक्क्यांहून अधिक बचत झाली. लहान ट्रस्ट रुग्णालयाला एकट्याने असा भाव कधीच मिळणार नाही.

सदस्यत्व घ्यायचंच. मात्र अर्जाआधी तीन माणसं नेमावीत: केस गोळा करून पाठवणारा एक डॉक्टर, नमुन्यांच्या वेळा नोंदवणारा एक तंत्रज्ञ आणि औषधसाठ्याचा अंदाज देणारा एक फार्मासिस्ट.