“ताई, एकच सेट बाजूला ठेवलाय तुमच्यासाठी”

आकडा आधीच सांगून टाकते: ६,६५० रुपये. त्यातले १,८५० माझ्या घाईचे आणि ४,८०० निव्वळ मूर्खपणाचे.

मी पार्ल्यात राहते, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि अकरा वर्षं व्हायोला वाजवते. व्हायोलिन नाही, व्हायोला. हे वाक्य मला प्रत्येक लग्नात तीनदा तरी म्हणावं लागतं. (व्हायोलिनचाच जरा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ.) आम्ही चौघं दर रविवारी दादरला एका मैत्रिणीकडे क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चार वाद्यांची रचना, वाजवायला जमतो. जूनमध्ये ठरलं की नोव्हेंबरच्या घरगुती कार्यक्रमात जर्मन संगीतकार ब्राम्सचं तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट, ओपस ६७, घ्यायचं. चेलोवाल्या मित्राचा मेहुणा सप्टेंबरअखेर जर्मनीहून येणार होता, तोच चारही पार्टचा, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या छापील स्वरलेखनाचा, नवा संच आणणार. बाकी तिघांना ते चालण्यासारखं होतं.

मला नव्हतं. या क्वार्टेटच्या तिसऱ्या भागात दोन्ही व्हायोलिन आणि चेलो म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून वाजतात, आणि व्हायोला मात्र उघड्या आवाजात पुढे असतो. ब्राम्सने हे क्वार्टेट एंगेलमान नावाच्या, हौसेने चेलो वाजवणाऱ्या शरीरशास्त्रज्ञाला अर्पण केलं आणि थट्टेने त्याला कळवलं की यात चेलोचा सोलो नाही, पण व्हायोलाचा असा आहे की त्यासाठी तू वाद्य बदलशील. एरवी मधल्या सुरांत भर घालत बसणाऱ्या माणसाला अचानक असं काही वाजवायचं म्हटलं की पाच-सहा आठवडे कसे पुरणार? ऑफिस, लोकल आणि स्वयंपाक यांतून रोज जेमतेम चाळीस मिनिटं हाताशी उरतात.

जुनी आवृत्ती फुकट मिळते, हे मला ठाऊक होतं. ब्राम्स १८९७ साली गेला आणि आपल्याकडे स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंतच असतो. पेत्रुची म्युझिक लायब्ररी या वेबसाइटवरून झिमरॉक या ब्राम्सच्या प्रकाशकाने छापलेल्या जुन्या पार्टचं स्कॅन मी कधीच उतरवून ठेवलं होतं. पण त्यात बार नंबर (तालाच्या खंडांचे क्रमांक) नाहीत, आणि सगळ्यांच्या हातात नवी आवृत्ती असताना “बार ८७ पासून” म्हटलं की मी एकटी बोटं मोजत बसणार. मला बाकीच्यांसारखाच पार्ट हवा होता, फक्त दोन महिने आधी.

वादकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत खासगी निरोप आला, तोही शुद्ध मराठीत. कुणा ग्रुपची ऑर्डर रद्द झाली, जर्मनीहून आलेला संच पडून आहे, “ताई, एकच सेट बाजूला ठेवलाय तुमच्यासाठी.” निळसर मुखपृष्ठाचा फोटो, आतल्या एका पानाचा फोटो. पीडीएफ लगेच, छापील प्रत कुरियरने. वर विचारलं की रशियन संगीतकार शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट हवंय का, तीनशेत पीडीएफ देतो. इथेच मला थांबायला हवं होतं. शोस्ताकोविच १९७५ साली गेला, म्हणजे आपल्याकडे त्याचे हक्क २०३५ अखेरपर्यंत आहेत. तीनशे रुपयांत त्याची पीडीएफ विकणारा माणूस अधिकृत विक्रेता असूच शकत नाही. पण मी मनात म्हटलं, असतील बाई याच्या काही ओळखी. १,८५० रुपये पाठवले.

पीडीएफ आली. मुखपृष्ठ नवं, आत माझ्याच फोनमधलं झिमरॉकचं स्कॅन! तिसऱ्या भागात एका ठिकाणी शाईचा ठिपका आहे, तोही तिथेच. जिथे लायब्ररीचा शिक्का होता तिथे पांढरा चौकोन चिकटवलेला, आणि शेवटचं पान तर नाहीच. त्याने आधी पाठवलेल्या फोटोकडे मग नीट पाहिलं, तर पानाचा तळ मुद्दाम कापलेला. तिथेच प्लेट नंबर, म्हणजे प्रकाशकाने छपाईच्या पाटीला दिलेला क्रमांक, असतो. त्यावरून आवृत्ती ओळखता येते आणि हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. आता मी कुणालाही सांगते: मुखपृष्ठावर जाऊ नका. आतल्या पानाचा तळापर्यंतचा फोटो मागा, मागच्या कव्हरवरचा ९७९-० ने सुरू होणारा आयएसएमएन (पुस्तकांच्या आयएसबीएनसारखा छापील संगीताचा क्रमांक) मागा आणि तो प्रकाशकाच्या साइटवर ताडून बघा. खरा विक्रेता दोन मिनिटांत पाठवतो. भामटा “ताई, विश्वास नाही का?” म्हणतो.

इथवर नुकसान १,८५० चं होतं. मी चिडून लिहिलं, तर त्याने लगेच माफी मागितली. चूक झाली, पूर्ण रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा. मी नालासोपारा फास्टमध्ये दाराशी लोंबकळत होते, एका हातात फोन. स्कॅन केला, पिन टाकला आणि ४,८०० रुपये गेले. पैसे घेताना पिन लागत नाही, हे मी आईला शंभर वेळा बजावलंय. “ताई, सिस्टीमची गडबड झाली, पुन्हा स्कॅन करा, दोन्ही रक्कम एकदम येईल,” असा मेसेज आला तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, नंतर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. फक्त मधेच विचारलं, “ताई, हा पार्ट म्हणजे गाडीचा का?” दोघंही हसलो. तक्रार क्रमांक मिळाला. पैसे तोवर पुढच्या खात्यात गेले होते, आजवर आलेले नाहीत. फोन करायला मी दोन तास उशीर केला, कारण घरी सांगायची लाज वाटत होती.

पुढे स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तेच फुकटचं स्कॅन छापून घेतलं आणि बार नंबर पेन्सिलीने स्वतः घातले. एका रविवारची दुपार गेली, बस. मेहुण्याने संच आणला तेव्हा तिसरा भाग बोटांत बसलेला होता.

मला त्या भामट्याने ब्लॉक केलंय. पण परवा चेलोवाल्या मित्राने त्याचा स्टेटस दाखवला: शूबर्टच्या क्विंटेटचं (पाच वाद्यांच्या रचनेचं) तेच निळसर मुखपृष्ठ, खाली लिहिलंय, “एकच सेट शिल्लक.”