ल्युपसचा ठणका: कुठली गोळी, कुणाला, किती दिवस

ल्युपस असलेल्या माणसानं दुखण्याची गोळी निवडताना आधी लघवीचा आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं नीट काम करतात का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघावा, मग गोळीचं नाव. घरोघरी चालतं ते उलटं, म्हणून हे सुरुवातीलाच. कोल्हापुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की दिसतं: सासऱ्यांच्या गुडघ्याला गोळ्यांची जी पट्टी लागू पडली तीच सुनेसाठी नेली जाते. सासऱ्यांचे सांधे वयानं झिजलेत. सुनेला ल्युपस आहे, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती तिच्याच शरीरावर उलटली आहे आणि त्यात सांध्यांबरोबर मूत्रपिंडंही सापडू शकतात. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत नऊ बायका असतात, त्याही बहुतेक ऐन पंधरा ते पंचेचाळीस वयातल्या. म्हणून हा लेख बाईला समोर ठेवून लिहिलाय. पुरुषांनाही हिशेब तोच.

दुखणं कुठलं, हेही आधी ओळखायला हवं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, पिळे घालून कपडे वाळत टाकता येत नाहीत, तास-दीड तासानं हात जरा सैल पडतात आणि सांधा हाताला गरम, सुजलेला लागतो, तर ती आजाराची सूज. सांध्याला सूज नाही, रक्ताचे रिपोर्ट बरे आहेत, तरी अंगभर ठणका, झोप उथळ, सकाळी अंग मोडून आलेलं, तर बऱ्याचदा तो फायब्रोमायाल्जिया असतो. ल्युपसच्या जोडीनं तो बऱ्याच जणींना होतो. दोन्ही ठणके बोलताना एकाच शब्दात सांगितले जातात, आणि डॉक्टरांच्या पाच मिनिटांत तिथंच घोळ होतो. "अंग दुखतंय" एवढंच न सांगता कुठलं, कधी, किती वेळ, सूज आहे का, हे सांगा.

पॅरासिटामॉल की सूज उतरवणारी गोळी

खरा निर्णय बहुतेकींना इथंच घ्यावा लागतो, म्हणून इथं जरा थांबू.

पॅरासिटामॉल दुखणं आणि ताप कमी करतं, सूज नाही. त्यामुळे सुजलेल्या मनगटावर ते अर्धवटच चालतं आणि "साधी गोळी, काय होणार तिनं" असा शेरा मिळतो. पण नेमून दिलेल्या प्रमाणात ते पोटाला आणि मूत्रपिंडाला बाकीच्यांपेक्षा खूप सौम्य आहे. ल्युपसमध्ये ही छोटी गोष्ट नाही. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. रोज घ्यायचं असेल तर बरेच डॉक्टर ३ ग्रॅमच्या पुढं जाऊ देत नाहीत, आणि वजन कमी असेल किंवा यकृत कमजोर असेल तर त्याहून खाली.

धोका असतो तो नकळत दुप्पट होण्यात. पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. दुखण्याच्या लोकप्रिय जोडगोळीवर एसिक्लोफिनॅक १०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ असं छापलेलं असतं. अशा दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे ६५० मिग्रॅ पॅरासिटामॉल. कणकण वाटते म्हणून वरून ६५० ची गोळी तीनदा: १९५०. सर्दीची म्हणून घेतलेल्या गोळीतही ५०० असेल आणि ती दोनदा घेतली, तर आणखी १०००. बेरीज ३६०० झाली, आणि बाईला वाटतं आपण पॅरासिटामॉल तीनदाच घेतलं.

आता दुसरी बाजू. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब. सुजलेल्या सांध्यावर यांचा गुण पॅरासिटामॉलपेक्षा ठळक, हे मान्यच करायला हवं. सकाळी मूठ वळायला लागते. पण मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या मोकळ्या राहाव्यात म्हणून शरीर जी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वापरतं, तीच या गोळ्या अडवतात. धडधाकट माणसाला चार दिवसांत काही जाणवत नाही. ल्युपसनं मूत्रपिंड आधीच धरलेलं असेल, तर मात्र क्रिएटिनिन चढायला वेळ लागत नाही. त्यात लघवीतलं प्रोटीन कमी व्हावं म्हणून टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असतं, पाय सुजतात म्हणून लघवी होण्याची गोळीही असते. या दोघांत तिसरी दुखण्याची गोळी मिळाली की मूत्रपिंडावर तिन्हीकडून दाब येतो. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले आणि पाणी कमी पडलं, तर आणखीच. आपल्याकडची गिधाडं याच डायक्लोफिनॅकनं गेली. जनावरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. जनावरांसाठी त्यावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. माणसाला ते गिधाडापेक्षा कितीतरी जास्त सोसतं, पण त्याचा डोळा कुठल्या अवयवावर असतो ते यातून कळावं.

"गॅसची गोळी बरोबर घेते की," हे उत्तर नेहमीचं. पँटोप्राझोलनं पोटाचा अल्सर टाळायला खरोखर मदत होते, आणि जोडीला स्टेरॉइड चालू असेल तर तर ती हवीच. मूत्रपिंडाला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही. तसंच इटोरिकॉक्सिबचं: पोटाला जरा हलकं म्हणून "सेफ" म्हणून विकलं जातं, पण मूत्रपिंड, ब्लडप्रेशर आणि हृदयाच्या बाबतीत ते सेफ नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील, तर या सगळ्या घराण्यापासून लांबच राहायचं. आयब्युप्रोफेनबद्दल एक विरळ पण ल्युपसवाल्यांतच जास्त नोंदलेली गोष्ट आहे: गोळीनंतर जोराची डोकेदुखी, ताप, मान ताठ, म्हणजे जंतूंशिवाय होणारा मेंदूज्वर. असं झालं तर ती गोळी पुन्हा घ्यायची नाही आणि थेट दवाखाना गाठायचा.

माझं मत विचाराल तर: लघवी आणि क्रिएटिनिन स्वच्छ, ब्लडप्रेशर ताब्यात, पोटात बाळ नाही, आणि डॉक्टरांना माहीत आहे, एवढ्या चारही गोष्टी जमत असतील तर सुजेच्या दिवसांत थोडेच दिवस सूज उतरवणारी गोळी. एक जरी अडत असेल तर पॅरासिटामॉल. एकाच गुडघ्याचं किंवा मनगटाचं दुखणं असेल तर डायक्लोफिनॅकचं जेल लावून बघायला हरकत नाही. गोळीच्या मानानं रक्तात फार थोडं उतरतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यालाही विचारूनच हात घालावा.

स्टेरॉइड: दुखण्याची गोळी नव्हेच

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ज्यानं एकदा घेतलंय त्याला त्याची जादू माहीत आहे. तीन दिवसांत माणूस उभा राहतो. म्हणूनच ते सगळ्यात धोक्याचं. वाढलेला आजार आवरायला, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचं आवरण सुजलं असेल तर ते वाचवायला, त्याला तोड नाही. पण रोजच्या ठणक्यावर म्हणून ते वर्षानुवर्षं घेत राहिलं की साखर, हाडांची ठिसूळता, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग, गोल चेहरा, सगळं ओळीनं येतं. २०२३ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांत कायमचा डोस दिवसाला ५ मिग्रॅ किंवा त्याहून कमी ठेवा आणि जमेल तेव्हा थांबवा, असं आहे. घरात १० किंवा १५ वर अडकलेली बाई असेल तर पुढच्या भेटीत तिनं एकच प्रश्न विचारावा: हे कमी करायला दुसरं कुठलं औषध वाढवायला हवं?

पण मनानं थांबवू नका. काही आठवडे चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, पटकन बनवू शकत नाही. चक्कर, उलट्या, ब्लडप्रेशर कोसळणं, जीवावरही बेततं.

आणि जांघेतली कळ. स्टेरॉइड चालू असताना किंवा पूर्वी मोठ्या डोसात घेतलेलं असताना एका बाजूच्या जांघेत दुखायला लागलं आणि चालताना वाढलं, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. यावर गोळी बदलत बसून महिने घालवणाऱ्या माणसांचे पुढं खुबे बदलावे लागतात.

गावाकडं एक इंजेक्शन मारलं की दोन दिवसांत बाई उसाच्या फडात, हा प्रकारही यातलाच. इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. सांधेवाताच्या तज्ज्ञानं विचारपूर्वक दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं, आणि काय टोचलं ते कुणालाच माहीत नसलेलं वेगळं. बिनलेबलच्या पुड्यांचीही तीच गत: "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून विकल्या गेलेल्या पुड्यांत तपासणीत स्टेरॉइड आणि जड धातू सापडण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. जी पावडर तीन दिवसांत जादू करते तिच्यावर जास्त संशय घ्या. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून घेतात. ज्याची प्रतिकारशक्तीच चवताळली आहे त्यानं ती आणखी कशाला चेतवायची? लसूणघासाचं, म्हणजे अल्फाल्फाचं, चूर्ण किंवा गोळ्याही ल्युपस भडकवू शकतात. ती म्हशीलाच घालावी.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: हळू, पण मुळावर

हिला कुणी दुखण्याची गोळी म्हणत नाही. पहिल्या महिन्यात काहीच वाटत नाही, गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, कधी जास्तही, म्हणून अर्ध्यावर सोडणाऱ्या खूप. आणि तरी वर्षभराचा विचार केला तर ठणका कमी करणारी सगळ्यात भरवशाची गोळी हीच, कारण ती आजाराचे उसळणारे झटके कमी करते. डोस वजनावर: दर किलोला दिवसाला ५ मिग्रॅच्या आत. ५० किलोच्या बाईला ४०० सरसकट नको, तिची मर्यादा २५०. म्हणून डॉक्टर कधी आलटून पालटून डोस लिहितात, ती चूक समजू नका. जेवणानंतर घ्या, चव कडूजहर असते. डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासून. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, सगळा देश या गोळीमागं लागला तेव्हा खरी गरज असलेल्यांना ती मिळेना. तेव्हापासून बऱ्याच जणी महिनाभराचा साठा घरात ठेवतात, आणि शहाणपणाचंच आहे ते.

झोपेच्या वेळच्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉल

फायब्रोमायाल्जियासारखा ठणका असेल तर स्टेरॉइड वाढवून काही होत नाही, फक्त वजन वाढतं. तिथं रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ, किंवा ड्युलोक्सेटीन, किंवा प्रीगाबालिन. "ही तर डिप्रेशनची गोळी, मी काय वेडी आहे का," हे ऐकून ऐकून पाठ झालंय. या डोसात ती मज्जातंतूंचा ठणका दाबायला दिलेली असते. अमिट्रिप्टिलीननं तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते. ज्यांना ल्युपसबरोबर डोळे-तोंड कोरडं पडण्याचा त्रास आहे त्यांना ती नकोशी होते. प्रीगाबालिननं पाय सुजले तर ते मूत्रपिंडामुळं की गोळीमुळं हा गोंधळ उडतो, म्हणून लघवी तपासूनच निष्कर्ष काढावा. सोबत रोजचं चालणं हवंच. रंकाळा तलावावर पहाटे किंवा सूर्यास्तानंतर जा, कारण ऊन स्वतःच ल्युपस चेतवतं.

ट्रॅमाडॉल (अफूच्या घराण्यातलं वेदनाशामक) शेवटचं. मळमळ, बद्धकोष्ठ, सवय. आणि आकडी (फिट) येऊन गेलेल्या माणसाला धोका. ड्युलोक्सेटीनबरोबर तर विचारल्याशिवाय नाहीच. भारतात २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका, दुकानदारावर चिडूही नका.

मग निवडायचं काय

रिपोर्ट स्वच्छ आणि सांधे सुजलेले: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नियमित, वरून थोडे दिवस सूज उतरवणारी गोळी, आणि तरी भागलं नाही तर डॉक्टरांकडून मेथोट्रेक्सेटसारख्या मुळावरच्या औषधाचा विचार. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतलं तर जीवघेणं. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. लघवीत प्रोटीन किंवा फेस, पायाला सूज: पॅरासिटामॉल, आणि दुखण्यापेक्षा मूत्रपिंडाच्या उपचाराची घाई. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी होते. तज्ज्ञासाठी मिरजेला किंवा पुण्याला जायचं असेल तर रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या, घरगुती पुड्यांसकट, पिशवीत घालून न्या. औषधांची नावं आठवून सांगण्यात अर्धी भेट जाते.

मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर गणित पुन्हा मांडावं लागतं. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट (मूत्रपिंडाच्या ल्युपसवरचं औषध) दिवस राहण्याच्या आधीच, डॉक्टरांच्या देखरेखीत, बदलायला हवीत. विसाव्या आठवड्यानंतर सूज उतरवणाऱ्या गोळ्या टाळायच्या, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर आणि पुढं हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो. डॉक्टरांनी मुद्दाम सुरू केलेली कमी डोसची ॲस्पिरिन यात धरू नका, ती चालूच ठेवायची. पॅरासिटामॉल चालतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर बाळंतपणाच्या भीतीनं सासरी किंवा माहेरी कुणीही बंद करायला सांगितलं तरी बंद करू नये. ती थांबवल्यावर ल्युपस उसळण्याचा धोका आईला आणि बाळाला त्या गोळीपेक्षा जास्त आहे.