पीसीओएसच्या उपचारासाठी सोलापुरातील एका दवाखान्यात आठ महिने

पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी आणि बीज तयार होणे अनियमित होण्याचा विकार) असताना मूलही हवे असेल आणि वजनही कमी करायचे असेल, तर बहुतेक ठिकाणी या दोहोंपैकी एकाच गोष्टीवर बोलले जाते. सोलापुरात यापूर्वी मी दोन ठिकाणी दाखवले. एका ठिकाणी ‘आधी दहा किलो उतरवा, मग या’ असे सांगून पाच मिनिटांत वाटेला लावले. दुसरीकडे वजनाचा विषयही न काढता पाळी येण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या की पाळी येई आणि बंद केल्या की पुन्हा दोन-दोन महिने पत्ता नसे. या दवाखान्यात मी आठ महिन्यांपासून जात आहे. येथील डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, तारखांसह मांडल्या, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. तक्रारीही आहेत, त्या ओघाने येतील.

पहिल्या दिवशी सोनोग्राफीचा पडदा डॉक्टरांनी माझ्याकडे वळवला. अंडाशयाच्या कडेने बोरमाळेतल्या मण्यांसारखे काळे ठिपके ओळीने दिसत होते. ‘याला सगळे गाठी म्हणतात, पण या गाठी नव्हेत, वाढता वाढता मध्येच थांबलेले बीजकोश आहेत,’ असे त्यांनी सांगितले. केवळ सोनोग्राफीवरून निदान करत नाहीत, हेही तेव्हाच कळले. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत दिसणारी अंडाशये या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे दोष आधी वगळावे लागतात. माझी पाळी वर्षातून सहा-सात वेळाच येत होती आणि हनुवटीवरचे केस मी तीन वर्षे पार्लरमध्ये काढून घेत होते. दोन्ही गोष्टी यापूर्वी कोणी विचारल्याच नव्हत्या.

सर्वांत उपयोगी ठरली ती साखरेची तपासणी. आजवर माझी फक्त उपाशीपोटीची साखर पाहिली गेली होती आणि ती ‘नॉर्मल’ होती. येथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतले, तेव्हा उपाशीपोटी ९६ असलेला आकडा १५८ वर गेला. दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९ असेल तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची समजतात. गर्भ राहण्यापूर्वी हे कळणे किती महत्त्वाचे आहे, हे डॉक्टरांनी घाई न करता समजावले आणि मेटफॉर्मिन ही साखर आटोक्यात ठेवणारी गोळी सुरू केली. पहिले दहा दिवस पोटाने फार छळले. रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू डोस वाढवल्यावर ते शांत झाले.

माझे वजन तेव्हा ७८ किलो आणि उंची १५७ सेंटिमीटर होती. उद्दिष्ट ठरले ते पाच टक्क्यांचे, म्हणजे जेमतेम चार किलोंचे. एवढ्यानेही काही जणींची पाळी आणि बीज तयार होणे सुधारते. मात्र वजन न उतरल्यास स्त्रीबीज तयार होण्याची गोळी अडवून ठेवणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल मी विचारले, तेव्हा सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवावे लागते आणि मला आता थांबायचे नाही, हे लक्षात घेऊन त्यांनी ते टाळले.

आहारतज्ज्ञांचा पहिला कागद मात्र निराशाजनक होता. त्यात ओट्स, किनोआ, ब्रोकोली आणि ॲव्होकॅडो होते. मंगळवेढ्याची ज्वारी हाताशी असताना किनोआ कशासाठी, असे मी विचारले. दुसऱ्या भेटीत त्यांनी कागद बदलून दिला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. आता दोन्ही वेळच्या ताटात एक भाकरी, वाटीभर मटकी किंवा डाळ, पालेभाजी आणि ताक असते. खरी अडचण शेंगाचटणीची निघाली. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५७० कॅलरी असतात आणि आमच्या घरी चटणी चमच्याने नव्हे, मुठीने वाढतात. तिचे प्रमाण दोन चहाचे चमचे ठरले. सासूबाईंना हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो. सकाळी ऊन चढण्याआधी कंबर तलावाकाठी पाऊण तास चालते. एप्रिल-मे महिन्यांत साडेसहानंतर तेही शक्य झाले नाही.

तीन महिन्यांनी लेट्रोझोल, म्हणजे स्त्रीबीज तयार होण्याची ती गोळी, सुरू केली. गोळीच्या माहितीपत्रकात हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध असल्याचा उल्लेख वाचून मी ती दोन दिवस घेतलीच नाही. डॉक्टर रागावले नाहीत. वंध्यत्वासाठी या औषधाच्या वापरावर २०११ मध्ये भारतात बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठवण्यात आली, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के, तर क्लोमिफेन ही त्याच कामाची जुनी गोळी घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, हे आकडेही दाखवले. पीसीओएसमध्ये बीज तयार होत नसेल तर आता हीच पहिल्या पसंतीची गोळी मानली जाते. रोज २.५ मिलिग्रॅमच्या पहिल्या फेरीत, म्हणजे एका पाळीच्या चक्रात, बीजकोश वाढला नाही. ५ मिलिग्रॅमच्या दुसऱ्या फेरीत तो १९ मिलिमीटरपर्यंत वाढला आणि आठवड्याने केलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत बीज सुटल्याचेही दिसले.

आता तक्रारी. अकराची वेळ घेऊनही दीड वाजतो, ज्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईची प्रत्येक फेरीत तीन-चार अर्ध्या दिवसांची रजा जाते. काउंटरवरील मुलगी भरल्या हॉलमध्ये ‘दुसरी सायकल कोणाची?’ असे मोठ्याने विचारते. समुपदेशक म्हणून बसलेल्या बाईंनी मला तीन महिन्यांचे ‘पॅकेज’ आणि पावडरचे डबे घेण्याचा दोनदा आग्रह केला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ते कोठेही नव्हते, म्हणून मी घेतले नाहीत. पतीची वीर्यतपासणी माझी गोळी सुरू होण्यापूर्वीच करून घेतली, हे योग्यच झाले, पण त्यासाठी दिलेल्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. एवढी फी घेणाऱ्या ठिकाणी ही गोष्ट अक्षम्य वाटते.

माझे वजन आता ७३ किलो आहे. गर्भ अजून राहिलेला नाही. ही फेरीही रिकामी गेली, तर गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत ते पाहण्यासाठी एचएसजी ही एक्स-रे तपासणी करायचे ठरले आहे. जाणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि जुने सर्व अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. डॉक्टर ते खरोखर वाचतात.